बोट चढावर न्यायचीय? आधी थांबायचं बघा



या सदरात आपण एरवी कुकरची शिट्टी, गॅसची नळी, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी असल्या गोष्टी बोलतो. या आठवड्यात मात्र टपालात एक निराळाच प्रश्न आलाय, तोही थेट न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून. प्रश्न बोटीचा असला तरी तो वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणी म्हणतील, "अगं बाई, हे तर आमच्याकडेही असंच!" म्हणून पत्रातला मुख्य भाग इथं देते.

"ताई, सा. न. वि. वि. आम्ही नऊ वर्षं ऑकलंडला आहोत. इथं आजूबाजूला पुष्कळांकडे बोटी आहेत. यांनी आणि मोठ्या मुलानं मिळून मासे पकडायला अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी बोट घेतली, ट्रेलरसकट. आमचं घर रस्त्यापासून उंचावर. ड्राइव्हवे सरळ आहे, पण अगदी उभा. आमच्या गाडीनं बोट चढवायला गेलं की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. शेजारी त्याचं बसून चालवायचं गवतकापणी यंत्र स्वस्तात देतोय. कुणी क्वाड बाइक घ्या म्हणतं, कुणी जुना छोटा ट्रॅक्टर. हे म्हणतात, 'तू मागं लाकडी ठोकळा घेऊन उभी राहा, मी हाक मारली की चाकाखाली सरकव.' मला भीती वाटते. तसं बोलले की 'तुला त्यातलं काय कळतंय' म्हणतात. धाकटी पाच वर्षांची, सारखी अंगणात असते. कुठलं वाहन घ्यावं?"

ताई, पहिलं उत्तर वाहनाचं नाही, तुमचं आहे. चढावर वजन असताना त्याच्या खालच्या बाजूला माणूस उभं राहायचं नाही. तुम्ही नाही, मुलगा नाही, शेजारी नाही. बाराशे किलोची वस्तू मागं सरायला लागली, तर हातातला ठोकळा चाकाखाली जाण्याआधी हातच जाईल. ही भीती म्हणजे बायकी घाबरटपणा नव्हे, साधा हिशेब आहे. तोच आता मांडू, म्हणजे यजमानांपुढे ठेवायला तुमच्या हातात काहीतरी राहील.

आधी दोन मापं घ्या. पहिलं वजन. अठरा-एकोणीस फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीचं नुसतं अंग सहाशे किलोच्या घरात जातं. मागचं आउटबोर्ड इंजिन दीडशे ते पावणेदोनशे. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे पाऊणशे किलो. ट्रेलर साडेतीनशे. झाले बाराशे. वर नांगर, बर्फाची पेटी, जाकिटं वेगळीच. अंदाजावर राहू नका, एकदा भरल्या बोटीसकट वजनकाट्यावर जाऊन या.

दुसरं माप चढाचं. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या. तिचं एक टोक चढावर टेकवा आणि खालच्या बाजूचं टोक उचला. गवंड्याची पाणसळ वर ठेवून फळी आडवी सपाट झाली की उचललेल्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर राहतं ते टेपनं मोजा. पंचवीस सेंटीमीटर आलं, तर चढ चारास एक. म्हणजे चार फूट पुढं गेलं की एक फूट वर. घराच्या ड्राइव्हवेला हा चढ चांगलाच उभा समजायचा.

आता हिशेब. चारास एक चढावर कुठलंही वजन खाली ओढतं ते त्याच्या साधारण पाव हिश्शानं. बाराशेचा पाव तीनशे. म्हणजे पन्नास किलोची सहा पोती दोरीला उभी टांगली, तर दोरीला जो ताण बसेल, तेवढा ताण तुमची बोट सतत देत असते, चढताना, उतरताना आणि थांबली असतानासुद्धा. बायांनो, यातलं "थांबली असतानासुद्धा" हे नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथंच होतो.

ओढणाऱ्या वाहनाला बोटीबरोबर स्वतःचं वजनही वर न्यायचं असतं. म्हणून दोघांचं वजन मिळवायचं आणि त्याचा पाव काढायचा. एवढी पकड वाहनाच्या चाकांना जमिनीवर मिळाली पाहिजे. पकड मिळते ती इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर नाही, ओढणाऱ्या चाकांवर पडणाऱ्या वजनावर. कोरड्या काँक्रीटवर त्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के धरा. ओल्या, शेवाळलेल्या काँक्रीटवर ती निम्म्यावर येते. आता एकेक उमेदवार तपासू. आकडे ठोकळ आहेत, पण निवड करायला पुरेसे आहेत.

शेजाऱ्याचं गवतकापणी यंत्र. यंत्र अडीचशे किलो, चालवणारा सत्तर, मिळून तीनशेवीस. बोट धरून पंधराशेवीस. पकड हवी तीनशेऐंशीची. यंत्राची फक्त मागची दोन चाकं ओढतात. त्यांच्यावर वजन दोनशेपंधराच्या आसपास आणि पकड दीडशेची. निम्मीसुद्धा नाही. ही यंत्रं सपाट हिरवळीवर गवत कापायला बनवलेली असतात. बरीचशी ब्रेकही मागच्याच चाकांना लावतात. उतरताना बोट मागून ढकलते, मागची चाकं हलकी होतात, घसरतात, आणि यंत्र ट्रेलरला काटकोनात वळून आडवं होतं. स्वस्तात काय, फुकट दिलं तरी घेऊ नका.

क्वाड बाइक. चारी चाकं ओढणारी घेतली तरी स्वारासकट पावणेचारशे किलोच्या आत. पकड हवी तीनशेनव्वद, मिळते दोनशेसाठ. शिवाय क्वाड उंच आणि अरुंद. चढावर मागं जड ओझं लावलं की पुढची चाकं उचलतात आणि ती स्वारावर उलटते. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर या गाडीखाली सापडून कितीतरी माणसं गेली आहेत. म्हणूनच ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या क्वाडला उलटल्यावर स्वाराला वाचवणारी चौकट सक्तीची झाली. तुमच्या कामाला ही गाडी नको.

तुमची घरची गाडी. पुढची चाकं ओढणारी, माणसासकट सुमारे चौदाशेसत्तर किलो. पकड हवी सहाशेसत्तरची. गाडी चढावर तोंड वर करून असली की तिचं वजन मागं सरकतं. मागं जोडलेला ट्रेलरही गाडीचा मागचा भाग दाबतो आणि पुढचा उचलतो. पुढच्या चाकांवर उरतं निम्मं वजन आणि पकड मिळते पाचशेच्या आसपास. चाकं जागेवर का फिरतात, ते कळलं ना? गाडी खराब नाही, तिला पाय रोवायला जागाच मिळत नाही. अशीच गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवली, तर वजन पुढच्या चाकांवर येतं आणि पकड बरीच सुधारते. पण तीही जेमतेम पुरते. त्यावर रोजचं काम काढू नये, क्लच किंवा गिअरबॉक्स जळून निघेल.

छोटा ट्रॅक्टर. चारी चाकं ओढणारा, सातशे किलोचा, चालवणारा धरून सातशेसत्तर. पकड हवी चारशेनव्वद, मिळते पाचशेचाळीस. कोरड्यात पास, पण काठावर. ओल्यात नापास. घ्यायचाच तर डोक्यावर चौकट आणि कमरेला पट्टा असलेला घ्या आणि चाकांत पाणी भरून किंवा लोखंडी वजनं लावून तो जड करा. आणखी एक अट ट्रेलरच्या ब्रेकची, ती खाली सांगते.

चारी चाकं ओढणारा दोन टनी पिकअप. पकड हवी आठशेवीस, मिळते साडेचौदाशे. कोरड्यात आरामात. पण शेवाळावर त्याचीही पकड सव्वासातशेवर येते, म्हणजे तोही कमी पडतो! एवढा मोठा राक्षस बोटभर शेवाळापुढे हरतो. म्हणून वाहनावर पैसे घालण्याआधी ताठ केसांचा ब्रश आणि पाण्याचा जोर यावर वेळ घाला. ऑकलंडच्या पावसाळी हिवाळ्यात ड्राइव्हवे महिना-दोन महिन्यांनी घासून निघाला पाहिजे. नवीन काँक्रीट घालायची वेळ आली, तर गुळगुळीत न करता आडव्या रेघा ओढून खरखरीत ठेवायला सांगा.

आता ब्रेकची गोष्ट. न्यूझीलंडच्या नियमात दोन हजार किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असलाच पाहिजे असं नाही. पुष्कळ बोटींचे ट्रेलर म्हणूनच बिनब्रेकचे असतात. पण गाडी बनवणारे काय म्हणतात ते गाडीच्या पुस्तिकेत वाचा. तिथं ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी दोन निरनिराळे आकडे असतात. तीन-साडेतीन हजार किलो ओढणाऱ्या कितीतरी पिकअपनासुद्धा बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा साडेसातशे किलोच दिलेली असते. तुमची बोट बाराशे. नियम माफ करतो म्हणून उतार माफ करत नाही! नवं वाहन घेण्याआधी ट्रेलरला ब्रेक बसवून घ्या, तो पैसा आधी.

ब्रेकमध्येही प्रकार आहेत. एक प्रकार दाबावर चालतो. गाडी थांबली आणि ट्रेलर मागून येऊन तिला ढकलायला लागला की तो आपोआप लागतो. रस्त्यावर हा चांगला. पण चढावर गाडी बंद पडून सगळं मागं सरायला लागलं, तर ट्रेलर गाडीला ढकलत नाही, ओढतो. मग हा ब्रेक लागतच नाही. म्हणून त्याला हातानं ओढायचा दांडा आहे ना, ते बघून घ्या. गाडीतून बटणानं किंवा पायाच्या ब्रेकबरोबर लागणारा विजेचा किंवा तेलाचा ब्रेक असेल, तर तो दोन्ही दिशांना कामाला येतो. मात्र तो खाऱ्या पाण्यात बुडवण्यासाठी केलेला आहे का, ते विचारा. नाहीतर वर्षभरात गंजेल.

तर मग घ्यायचं काय? माझा क्रम असा.

पहिला पर्याय, बोट वर न्यायचीच नाही. चढाच्या पायथ्याशी स्वतःच्या हद्दीत सपाट जागा करता आली, तर तीच सर्वांत स्वस्त. ऑकलंडला बोटी भाड्यानं ठेवून घेणाऱ्या जागा आहेत. वर्षाचं भाडं आणि नव्या वाहनाची किंमत, विमा, दुरुस्ती शेजारी शेजारी मांडून बघा. वर्षातून आठ-दहा वेळा समुद्रावर जायचं असेल, तर भाडंच परवडेल असं पुष्कळदा निघतं.

दुसरा पर्याय, तुमची गाडी तशीही बदलायची असेल तर चारी चाकं ओढणारी, कमी वेगाचा जादा गिअर असलेली गाडी घ्या. समुद्रापर्यंत न्यायला आणि चढावर चढवायला तीच. बोट उलटी ढकलत वर न्या, म्हणजे बोट आत आणि गाडी बाहेर राहील. तोंड वर करून चढलात, तर गाडी बोटीच्या पलीकडे अडकून बसते. रिव्हर्सचा सराव आधी एखाद्या रिकाम्या मैदानात करा. गाडीच्या पुढच्या बाजूलाही जोडणीचा गोळा बसवून मिळतो. मग ट्रेलर समोर दिसत असताना ढकलता येतो, मान मागं वळवावी लागत नाही.

तिसरा पर्याय, वरच्या टोकाला पक्की विंच. तुमचा ड्राइव्हवे सरळ आहे, म्हणून हे जमेल. वळणदार असता तर नको म्हटलं असतं. तीनशे किलोचा ताण आहे, तर निदान दुप्पट ओढीची आणि मोटार थांबताक्षणी आपोआप ब्रेक लागणारी विंच हवी. ती लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या पायात बसवायची, ओसरीच्या खांबाला नाही. दोर तुटला तर चाबकासारखा येतो, म्हणून त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही आणि ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी टाकून ठेवायची.

चौथा, वर सांगितलेला जड ट्रॅक्टर, ब्रेक असलेल्या ट्रेलरसह आणि फक्त कोरड्या दिवशी.

रिमोटवर चालणारी विजेची ट्रेलर हलवायची यंत्रंही मिळतात. ती घेताना नुसतं वजन नको, चढावरची मर्यादा वाचा. सपाटीवर तीन टन हलवणारं यंत्र चारास एक चढावर काही कामाचं नसेलही.

आणखी एक गोष्ट बोटवाल्यांच्याही ध्यानात नसते. बोटीच्या तळाशी साठलेलं समुद्राचं पाणी मागच्या बाजूला जमतं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. बोटीचं तोंड चढावर असलं की वजन आधीच मागं सरकलेलं असतं. त्यात हे पाणी आलं की जोड सोडताक्षणी ट्रेलरचा पुढचा दांडा टणकन वर उडतो, हनुवटीखाली बसला तर दात पाडेल. म्हणून पाण्याबाहेर आल्या आल्या, किनाऱ्यावरच, तळाचं बूच काढून पाणी सोडून द्यायचं. हे काम आठवणीनं करवून घ्या.

आपल्या कोकणात होडी वाळूवर ओढून ठेवतात. ती सुटली तरी वाळूत रुतून बसते. काँक्रीटच्या चढावर चाकांवरची बोट सुटली, तर रस्त्यापर्यंत थांबत नाही. रत्नागिरीच्या घाटीत टेंपो लावणाऱ्या, इमारतीच्या तळघराच्या उतारावर गाडी उभी करणाऱ्या, पाण्याची टाकी हातगाडीवर चढवणाऱ्या सगळ्यांना हाच पाव हिश्शाचा हिशेब लागू आहे. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या चिऱ्यावर तर दुप्पट. तिथंही "जरा मागं दगड धर गं" असंच सांगतात, आणि सांगतात ते बाईला नाहीतर पोराला. तेव्हा इथल्या बहिणींनीही हे वाचून सोडून देऊ नये.

धाकटीबद्दल. घराच्या ड्राइव्हवेवर घरच्याच गाडीखाली लहान मूल येणं ही न्यूझीलंडमध्ये जुनी चिंता आहे. सेफकिड्स आओतेआरोआ ही संस्था त्यासाठी पालकांना सावध करत आली आहे. उंच पिकअपच्या मागं पाच वर्षांचं मूल आरशात दिसत नाही. त्यातून मागं बोट असली तर काहीच दिसत नाही. बोट हलायच्या वेळी तुमचं काम ठोकळा धरायचं नाही, मुलीचा हात धरून दाराच्या आत थांबायचं. हेच त्या वेळचं सर्वांत जबाबदारीचं काम आहे, असं यजमानांना सांगा. ठोकळ्यांचं काम असं करता येतं:

१. रबराच्या किंवा लाकडाच्या चार पाचरी घ्या, चाकाच्या निम्म्या रुंदीपेक्षा मोठ्या. प्रत्येकीला दोन हात दोरी बांधा, म्हणजे काढताना हात चाकाजवळ जाणार नाही.

२. पाचरी लावायच्या त्या सगळं पूर्ण थांबल्यावर, ब्रेक लावल्यावर, आणि बाजूनं. हलत्या चाकाखाली कधीही नाही.

३. जोड सोडण्याआधी पाचरी, हातब्रेक, मग साखळी, मग जोड. हा क्रम उलटा करायचा नाही. पुढच्या छोट्या चाकाला ब्रेक नसतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

४. गाडीत चालवणारा एक, बाजूला वरच्या अंगाला उभा राहून खुणा करणारा एक. खुणा करणारा दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. आरडाओरडा नको, हाताच्या तीन खुणा पुरे.

५. पाऊस पडत असेल, तिन्हीसांज झाली असेल, माणसं दमली असतील, तर बोट त्या रात्री वर चढवायची नाही. किनाऱ्याजवळच्या तळावर राहू दे.

"तुला काय कळतंय" याचं उत्तर तोंडानं देत बसू नका. वजनकाट्याची चिठ्ठी, फळीचं माप आणि गाडीची पुस्तिका जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि एवढंच विचारा, "मधेच इंजिन बंद पडलं, तर ही बोट कशाच्या जोरावर उभी राहील?" ज्या वाहनाबाबत या प्रश्नाचं उत्तर "तू मागं उभी आहेस ना" असं येईल, ते वाहन घेऊ नका. उत्तर "ट्रेलरचा ब्रेक, गाडीचा ब्रेक, मग पाचरी" असं आलं, तर खुशाल घ्या, आणि पहिल्या माशांचं कालवण कसं झालं ते जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात : गच्चीवरची पाण्याची टाकी पावसाळ्याआधी कशी धुवायची आणि झाकण नीट बसतं की नाही हे कसं बघायचं. तुमचे प्रश्न थोडक्यात, एका बाजूला लिहून पाठवा.